टेकाडावरचं पाणी

त्या दिवशी दुपारी मी गच्चीत वाळत घातलेले मूग परातीत भरत होते. दक्षिणेकडून आभाळ काळं होत आलं होतं, पण आमच्या नवीन जालना भागावर अजून लख्ख ऊन होतं. माझा मुलगा राहुल एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत कामाला आहे. दिवेलागणीच्या आधी तो कधी घरी येत नाही. त्या दिवशी भर दुपारी त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला. जिना चढून तो माझ्यापुढे आला. मग म्हणाला, "आई, द्वारकामावशी गेली."

"कुठं गेली?" मी विचारलं.

मला खरंच तसं वाटलं. द्वारकाबाई नेहमी कुठंतरी गेलेलीच असायची. घनसावंगीला तहसीलमध्ये, परतूरला माहेरी, जांबला समर्थांच्या देवळात, नाहीतर कुणाच्या तरी पोरीचं नाव शाळेत घालायला. राहुलने माझ्या हातातली परात काढून घेतली, खाली ठेवली. "आई, वीज पडली तिच्या अंगावर. आखाड्यावर. उत्तमकाकांचा फोन आल्ता."

मी वर पाहिलं. ऊन होतं. "पाऊस तर नाहीये," मी म्हणाले. जणू तेवढं सिद्ध केलं की ती बातमी खोटी ठरणार होती.

"तिकडंही नव्हता म्हणे. पाऊस यायच्या आधीच..."

आज त्याला महिना होऊन गेला, तरी कुणाला सांगायला लागले की मी तिथेच अडते. पाऊस यायच्या आधीच. आजारपण असतं तर माणूस थोडी मनाची तयारी करतं, गाडीखाली कुणी गेलं तर गाडीवाल्यावर राग धरता येतो. विजेवर कसा राग धरायचा? ती कुणाची नसते, कुठून आली ते सांगता येत नाही, आणि परत तिला गाठताही येत नाही.

वाघुळखेड्याला पोचलो तेव्हा तिला आखाड्यावरच्या, म्हणजे त्यांच्या शेतातल्या पत्र्याच्या घरापुढे बाजेवर निजवलं होतं. अंगावर ओरखडा नव्हता. कपाळाजवळचे थोडे केस करपलेले, बस्स. बायका रडत होत्या, पण रडण्यात नेहमीचा सूर लागत नव्हता. मधेच एखादी थांबायची आणि द्वारकाबाईकडे बघत राहायची, आता उठून बसते की काय अशी. तिचे मालक उत्तमराव उंबऱ्यात बसले होते. आयुष्यात कधी चार वाक्यं सलग न बोललेला तो माणूस येईल त्याला एकच सांगत होता, "सोयाबीनवर ताडपत्री टाकून येते म्हणली. तंवर चहा ठेवा म्हणली. मी ठेवल्ता चहा... उकळला बी नव्हता." सोयाबीनचा ढीग समोरच होता. ताडपत्रीचं एक टोक दगडाखाली दाबलेलं आणि दुसरं वाऱ्यानं फडफडत होतं. कुणीतरी जाऊन ते दाबावं असं मला सारखं वाटत होतं. कुणीच जात नव्हतं. मीही गेले नाही.

मी आणि द्वारकाबाई एकाच उन्हाळ्यात वाघुळखेड्यात नांदायला आलो. जालना जिल्हा नवा झाला ते वर्ष. ती गावातल्या दादाराव पाटलांची धाकटी सून आणि मी टेकाडावरच्या बौद्ध वस्तीतली. आमची घरं पूर्वी ओढ्याच्या काठी होती. सासऱ्यांच्या तरुणपणी एका पुरात ती वाहून गेली आणि मग वस्तीला हे टेकाड मिळालं. मुरमाड, उघडंबोडकं, कुसळंही धड उगवत नव्हती अशी जागा. कुणाला नको होती म्हणूनच मिळाली. माझं माहेर जालन्याचं, वडील रेल्वेत गँगमन. बारावीपर्यंत शिकले होते मी, आणि सासरी आल्यावर पहिलं शिकले ते हंडा डोक्यावर घेऊन टेकाड चढायला. आमची वेगळी विहीर होती. माघ लागला की तिचा तळ दिसायचा. मग शेताशेतानं हिंडायचं, ज्याच्या विहिरीत पाणी त्याच्या गड्याची विनवणी करायची, कुणी दोन पोहरे वरून ओतले तर घ्यायचे, नाहीतर पुढची विहीर.

धुणं मात्र सगळ्या गावाचं एकाच ओढ्यावर. गावातल्या बायका वरच्या अंगाला, आम्ही खालच्या. एकदा वरून एक लहानसं झबलं वाहत आलं. मी ते पकडलं, पिळलं आणि द्यायला वर गेले. बघते तर माझ्याच वयाची, नाकात मुरणी घातलेली सून पुढे आली. तिने हात पुढे केला, मागे वळून सासूकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. "ठेव त्या दगडावर," ती म्हणाली. मी ठेवलं. तिने ते दगडावरून उचललं, पाण्यात पुन्हा बुचकळलं आणि मग पिळलं. ही आमची पहिली भेट. तिच्यावर लिहायचं म्हणून ही गोष्ट गाळावी असं मला वाटत नाही. तिनेही ती कधी गाळली नाही. पुढे आमची मैत्री झाल्यावर कधी कुणी तिला थोर म्हणायला लागलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची, "हिला इचारा, मी हिच्याकून झबलं कसं घेतल्तं."

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एका गावात राहिलो आणि एकमेकींशी बोललो नाही. भांडण नव्हतं. बोलायचं कारणच नव्हतं. माझे मालक जालन्याच्या सळईच्या कारखान्यात लागले, आठवड्याला घरी यायचे. तिला दोन मुलं झाली, मला एक मुलगा. मग पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि आमच्या गावाचं सरपंचपद बाईकडे आलं. दादाराव पाटलांनी धाकट्या सुनेचा अर्ज भरला, कारण थोरलीचं तोंड फटकळ होतं आणि धाकटी मुकाट्यानं ऐकणारी. त्या हिशेबात त्यांची केवढी चूक झाली ते त्यांना लवकरच कळायचं होतं. वस्तीच्या जागेवर मी निवडून आले, कारण मला लिहितावाचता येत होतं आणि दुसरं कुणी तयार नव्हतं.

पहिल्या बैठकीला पंचायतीच्या खोलीत खुर्च्यांवर सगळे पुरुष. सदस्य असलेले आणि नसलेलेही. दादाराव मधल्या खुर्चीत. आम्ही दोघी दाराजवळ सतरंजीवर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ग्रामसेवकानं कागद पुढे सरकवला, "सरपंचबाई, इथं सही करा." द्वारकाबाई चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. तिने कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि माझ्यासमोर धरला. "निर्मलाबाई, मोठ्यानं वाचा बरं."

खोलीत कुणीतरी खाकरलं. मी वाचलं. गावाच्या वेशीवर सिमेंटची मोठी कमान बांधायचा ठराव होता, वर पाटलांच्या वडिलांचं नाव. द्वारकाबाईनं पदर सारखा केला आणि सासऱ्यांकडे न बघता, खाली सतरंजीकडे बघत म्हणाली, "कमान चांगलीच हाय. पण पाहुणा कमानीखालून आला आन् त्यानं तांब्याभर पाणी मागितलं, तर काय द्यावं?"

कुणी हसलं नाही. पण तो ठराव त्या दिवशी झाला नाही. बाहेर पडल्यावर तिने मला हळूच विचारलं, "माझा आवाज कापत होता का गं?" मी म्हणाले, "बिलकुल नाही." खरं तर तिचा पदरसुद्धा थरथरत होता.

पुढची वर्षं पाण्याच्या मागे गेली. जिल्ह्याच्या कचेरीत आम्ही इतक्यांदा गेलो की तिथला शिपाई आम्हाला 'जोडी' म्हणायला लागला. एसटी गावात येत नव्हती. फाट्यापर्यंत चालत जायचं, तिथून मिळेल ते वाहन. त्या चालण्यात आम्ही बोलायला शिकलो. ती एसटीत खिडकी पकडायची आणि बाहेरचं प्रत्येक शिवार बघून सांगायची, ह्यानं उशिरा पेरलं, त्याचं वखरणं झालं न्हाई. शेवटी एकदाचा एक तरुण इंजिनिअर मोजणीला आला. पाझर तलावाखाली विहीर घ्यायची आणि उंचावर टाकी बांधून तिथून गावभर नळ न्यायचे, असं ठरलं. दिवसभर दुर्बीण घेऊन तो हिंडला आणि संध्याकाळी पारावर बसून म्हणाला, "टाकीला एकच जागा आहे. ते टेकाड."

पारावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. त्या बिचाऱ्याला कळेना, तो काय वावगं बोलला. मग एकेक कारण निघायला लागलं. तिथं टाकी नीट राहायची न्हाई. लांब पडंल. पाइपाचा खर्चा वाढंल. दादाराव म्हणाले, माझ्या मळ्यात जागा देतो, फुकट देतो. इंजिनिअर म्हणाला, मळा खाली आहे, पाणी चढणार नाही. जे खरं कारण होतं ते कुणीच तोंडावर आणत नव्हतं. शेवटी एक म्हातारा बोलून गेला, "म्हंजी आता समद्या गावानं त्यांच्या हातून पाणी प्यायाचं का?"

मी तिथेच होते. मला काही नवं नव्हतं ते, पण द्वारकाबाईच्या तोंडावर कुणी चपराक मारावी तसं झालं. इतकी वर्षं ती ह्याच गावात नांदत होती, तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतक्या उघड्यावर, बाहेरच्या माणसासमोर... ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "टाकी टेकाडावरच होईल." आणि निघाली.

मला वाटलं आम्ही जिंकलो. पण टेकाडावर गेले तर तिथे दुसरंच वादळ. टेकाडावर सपाट अशी एकच जागा होती आणि ती वस्तीनं विहारासाठी राखून ठेवली होती. आमचे जाणते किसनबुवा त्या जागेवरचे दगड स्वतःच्या हातानं वेचत आले होते. ते म्हणाले, "पोरी, पुरात आम्ही घरं घालवली. जी जागा कुणाला नको ती घेतली. आता ती चांगली निघाली, तर तीबी द्यावी? आन् टाकी आमच्या डोक्यावर, पाणी पहिलं कुणाला?" ते बरोबर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर आमच्या दोघींचं भांडण झालं. तिथल्या बायका धुणं थांबवून ऐकत होत्या. ती म्हणाली, समद्या गावाचा प्रश्न आहे, एवढी जागा द्यायला काय जातंय. मी म्हणाले, "तुझं काय जातंय? प्रत्येक वेळी गावासाठी आम्हीच द्यायचं का? तुझ्या सासऱ्याची गावच्या पांढरीपासून ओढ्यापर्यंत जमीन आहे, तू त्यातली मूठभर माती कधी दिलीस?" त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा 'तू' म्हणाले. तोपर्यंत 'तुम्ही' होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने बादली उचलली आणि गेली. मला वाटलं, संपलं. टाकीही आणि आमचं जे काही होतं तेही.

त्या आठवड्यात पाटलांच्या घरात काय झालं ते मला नंतर तिच्या तोंडून कळलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. तिने जेवायला वाढताना सासऱ्यांना विचारलं की टेकाडाच्या पायथ्याला, रस्त्याकडेला आपला जो तुकडा आहे तो विहाराला देता येईल का. दादाराव ताटावरून उठले. सुनेच्या हातचं पाणी घ्यायचं नाही असं त्यांनी घरात सांगितलं. तिचं स्वयंपाकघर बंद झालं, थोरली जाऊ भाकरी करायची आणि हिच्यापुढे आणून ठेवायची. माहेराहून भाऊ येऊन समजावून गेला. उत्तमराव सगळं बघत होते आणि नेहमीसारखे गप्प होते. एका सकाळी बैल सोडता सोडता ते वडिलांना म्हणाले, "दादा, तो तुकडा माझ्या वाट्यात धरा. मी देऊन राह्यलो."

एवढंच. त्या एका वाक्यावर घर फुटलं. वाटणी झाली आणि उत्तमराव-द्वारकाबाई दोन मुलं, दोन बैल आणि थोडी भांडी घेऊन आखाड्यावर राहायला गेले. शेतातलं पत्र्याचं एक खोपटं, बाजूला एक लिंबाचं झाड. पाटलाची सून आखाड्यावर राहते म्हणून पंचक्रोशीत चर्चा. मी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीला शेण लावत होती. हात तसेच भरलेले. तीच म्हणाली, "आता मूठभर माती दिली बाई. आता तरी बोलशील का?"

किसनबुवांनी विहाराची सपाट जागा टाकीला दिली. देताना ते तिथे एकटेच बराच वेळ बसून होते. विहार पायथ्याच्या तुकड्यावर झाला, तो आज सगळ्या वाटसरूंना रस्त्यावरून दिसतो.

टाकी झाली, नळ आले. पहिल्या दिवशी पाणी सुटलं तेव्हा टेकाडावर आम्ही नाचलो, आणि गावातले नळ नुसते वाहत होते. कुणी हंडा लावेना. काही घरांनी लावला, पण पाटलांच्या आळीत कुणीच नाही. त्या बायका आधीसारख्या जुन्या विहिरीवर जात राहिल्या. द्वारकाबाई कुणाला समजवायला गेली नाही. मी चिडायचे, ती म्हणायची, "उन्हाळा येऊ दे." उन्हाळा आला. विहीर तळाला गेली. एका टळटळीत दुपारी दादारावांच्या मालकीणबाई, द्वारकाबाईच्या सासूबाई, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवत चौकातल्या नळावर आल्या आणि हंडा लावला. आळीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "काय बघता? ह्यांच्या अब्रूपेक्षा माझे गुडघे जास्ती दुखतेत."

त्यानंतर त्या चौकात रांग लागायला लागली ती कायमचीच.

गाव कशानं सुधारतं, ह्यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. आमच्या गावात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पाण्यामागे हिंडणाऱ्या बायकांची सकाळ मोकळी झाली. बियाणे कंपन्यांचे कपाशीचे प्लॉट तेव्हा आमच्या भागात यायला लागले होते. फुलं खुडायची, एका झाडाचा पराग दुसऱ्या फुलाला हातानं लावायचा, हे नाजूक काम सकाळीच करावं लागतं. आधी आमच्या बायकांना ती वेळच नव्हती. आता टेकाडावरच्या आणि गावातल्या बायका एका सरीत उभ्या राहून ते काम करायला लागल्या. हातात मजुरी आली. हंड्यासाठी घरी ठेवलेल्या मुली शाळेत गेल्या. मुली फाट्यापर्यंत चालतात म्हणून द्वारकाबाईनं एसटीसाठी भांडण काढलं, आणि एसटी येते म्हणून रस्ता झाला. एकामागून एक. भाजीपाला लागला, दूध डेअरीला जायला लागलं. कुणीही एका दिवशी उठून गाव सुधारलं नाही.

एकदा एक मोठे साहेब गाव बघायला आले. त्यांनी द्वारकाबाईला विचारलं, "तुम्ही नेमकं काय केलंत, ताई?" ती म्हणाली, "भांडलो, साहेब. पण भांडून झाल्यावर उठून न्हाई गेलो. तिथंच बसून राह्यलो." साहेब हसले. मी हसले नाही. मला तो ओढा आठवला, आणि तिचे शेणाचे हात.

ह्या सगळ्याचं गावानं बक्षीस काय दिलं? पुढच्या निवडणुकीत ती पडली. ज्यांच्या घरी नळ होता त्यांनीच पाडली. कमान झाली, आजही आहे, तिच्यावर पाटलांच्या वडिलांचं नाव आहे. मी रागानं रडले. ती म्हणाली, "कमान काय वाईट हाय का? सावलीला बसतेत लोक." आणि खरंच, पुढे एसटीची वाट बघत ती स्वतःही त्याच कमानीखाली बसायची. दादाराव मात्र तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या मुलीच्या लग्नात आले, अक्षता टाकल्या, न जेवता गेले.

राहुलला नोकरी लागल्यावर मी जालन्याला आले. ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची, पिशवीत वांगी, हरभऱ्याचा डहाळा, काहीतरी घेऊन. आमच्या कोरड्या नळाकडे बघून मला चिडवायची, "जिल्ह्याच्या गावाला राह्यतीस आन् पाण्याला टँकरची वाट बघतीस? चल वाघुळखेड्याला." माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पाय पसरून बसायची आणि बोलता बोलता तिथेच डुलकी घ्यायची.

आणि मग ही दुपार.

बाजेपाशी बसले असताना माझ्या डोक्यात एकच विचार घण मारावा तसा आपटत होता. ती गावातल्या पक्क्या घरात राहिली असती तर. आखाड्यावर आलीच नसती तर. मूठभर मातीचं मीच बोलले होते ना... न राहवून मी उत्तमरावांजवळ जाऊन ते बोलले. "वीज काय इचारून येती का, निर्मलाताई?" ते म्हणाले. "हितंच सुखी होती ती. झाडलोट करता करता गाणं म्हणायची. तिकडं कधी म्हणलं न्हाई." गावात काही जण वेगळंच कुजबुजत होते, रीत मोडली म्हणून देवाचा कोप, असलं काही. तेही माझ्या कानावर आलं. मला त्यांचा रागसुद्धा आला नाही. सगळेच हादरले होते आणि प्रत्येकजण काहीतरी कारण शोधत होता, कारण कारणाशिवाय हे सोसवत नव्हतं.

तिला अंघोळ घालायची वेळ आली. टेकाड जवळ, म्हणून आमच्या वस्तीतल्या बायकांनी हंडे भरून आणले आणि रांगेनं ठेवले. तेवढ्यात बैलगाडी आली. दादाराव. पाठीतून पार वाकलेले, दोघांनी धरून उतरवलं. इतक्या वर्षांत ते आखाड्यावर कधी आले नव्हते. ते बाजेपाशी आले आणि तिच्याकडे बघत उभे राहिले. भावकीतल्या एकानं हंड्यांकडे पाहिलं, त्यांच्या कानाशी वाकून दबक्या आवाजात विचारलं, "दादा, गावातून पाणी आणू का?"

दादारावांनी मान हलवली. "गावातलंबी तिथलंच हाय," ते म्हणाले.

त्यांनी तांब्या मागितला. आमच्या वस्तीतल्या गोदाबाईनं तो हंड्यात बुडवून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो सुनेच्या पायांवर ओतला. निम्मं पाणी जमिनीवरच सांडलं. मग ते तिथेच मातीत बसले आणि सगळं होईपर्यंत कुणी उठवलं तरी उठले नाहीत.

मी जालन्याला परत आले. माणसं भेटायला येतात, मी सांगते, आणि सांगता सांगता माझं मलाच खोटं वाटतं. परवा दुपारी पुन्हा आभाळ आलं. हिवाळ्याच्या तोंडावर येतं तसं, अवेळी. मी घाईघाईनं गच्चीवरचे कपडे काढत होते तेवढ्यात खाली फोन वाजला. राहुलनं गेल्या वर्षी द्वारकाबाईला मोबाइल घेऊन दिला होता. तिला त्यावर एकच काम: आभाळ दिसलं की मला फोन लावायचा आणि विचारायचं, आमच्याकडं आलंय, तुझ्याकडं आलं का? शिवारावरचा ढग आधी कुणाकडे येतो ह्याची तिला लहान पोरीसारखी मजा वाटायची.

मी जिना उतरले, फोन हातात घेतला. त्यावर तिचं नाव होतं.

मी तशीच उभी राहिले. वाजून वाजून तो थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मी उचलला. पलीकडे वारा ऐकू येत होता, पत्रा वाजत होता. आणि मग उत्तमरावांचा आवाज आला. त्या माणसानं आयुष्यात कधी मला फोन केला नव्हता.

"आभाळ आलंय हिकडं," ते म्हणाले. "तुमच्याकडं आलं का?"

"आलंय," मी म्हणाले.

"मंग आत जा," ते म्हणाले. "कपडेबिपडे असतील ते राहू द्या... आत जा."